बोटांवरचं रीडिंग

बारक्या आता बारीक राहिलेला नाही. पंप दुरुस्तीच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याचं वजन तिथल्या मध्यम मोटरीपेक्षा कमी होतं, म्हणून वस्तादने त्याला हे नाव दिलं. पुढे पोट सुटलं, केस गेले, गुडघे बोलायला लागले. नाव तेवढं टिकलं. वस्तादला वस्ताद ही पदवी कुणी लिहून दिली नव्हती. पण त्याने बसवलेला पंप पाच-पाच वर्षं कुरकुरायचा नाही, हे साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

एकतीस वर्षं दोघांनी जोडीने एकच काम केलं. मोटर आणि पंप एका रेषेत आणायचे. दोन्हींचे दांडे समोरासमोर येतात आणि मध्ये त्यांना जोडणारं कपलिंग असतं. दांडे केसभर जरी वाकडे बसले तरी बेअरिंग जळतं. हा वाकडेपणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घड्याळासारखा डायल लावायचा, एकाने दांडा हाताने पाव-पाव फेरी फिरवायचा आणि दुसऱ्याने काटा वाचायचा. वस्ताद फिरवायचा, बारक्या वाचायचा. मग वस्ताद खिशातून पातळ पत्र्याची चकती काढून मोटरीच्या पायाखाली सरकवायचा, आणि पुन्हा फेरी. कधी चार फेऱ्यांत जमायचं, कधी चाळीस.

कारखान्यात आवाज इतका, की कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. म्हणून सगळा कारभार बोटांवर. अंगठा वर म्हणजे वर, खाली म्हणजे खाली. जितकी बोटं तितके पॉइंट. मनगट वळवून पंजा उघडला की ‘किती?’ वर्षं गेली तशी या भाषेत भर पडत गेली. चहा आला, साहेब आला, आज घरी वाजलंय, अशा सगळ्याला खूण होती. दोघं दिवसभर बोलायचे आणि तोंड उघडायचे नाहीत.

पहिल्याच आठवड्यात काटा तीनवर असताना बारक्याने दोन बोटं दाखवली होती. सुट्टीची वेळ झाली होती, आणि एका पॉइंटने काय आभाळ कोसळतंय, असं त्याला वाटलं. वस्तादने दांडा सोडला, येऊन काटा पाहिला, जागेवर परत गेला आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. दीड तास लागला. शेवटी हात पुसताना म्हणाला, "काट्यावर जे दिसतं ते दाखवायचं. काय असायला हवं ते मला माहीत आहे. ते तू मला सांगू नकोस."

त्यानंतर बारक्याने खोटं रीडिंग कधी दिलं नाही. काट्याचं तरी नाही.

माणसाचं मात्र वेगळं होतं. वस्ताद प्यायचा. सोमवारी सकाळी त्याच्या हातात पाना थरथरायचा. कारखान्याचा न लिहिलेला कायदा असा, की पिऊन आलेल्या माणसाला हत्यारांच्या कपाटामागे बसवायचं, त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं आणि साहेबापुढे तोंडातून ब्र काढायचा नाही. वस्ताद कपाटामागे बसला की बारक्या दांडा स्वतः फिरवायचा, पळत जाऊन काटा वाचायचा, परत पळत यायचा. दोघांचं काम एकट्याने. घाम अंगावर वाळायचा, पण काम वेळेत व्हायचं.

वस्तादच्या पेटीत लांब तोटीची एक तेलाची बुधली होती. तिने जन्मात कधी तेल पाहिलं नव्हतं. तिच्यातले दोन घोट घशाखाली गेले की वस्तादचा हात शिशासारखा स्थिर व्हायचा. याला कुणी आजार म्हणत नसे. वस्तादला लागतं, असं म्हणत. एखाद्याला चष्मा लागतो, तसं.

वस्ताद आधी निवृत्त झाला, पाच वर्षांनी बारक्या. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर. वस्तादच्या घरी तो, बायको आणि शाळेच्या कार्यालयात कारकुनी करणारी मुलगी. संध्याकाळी मागच्या गॅलरीत दोन स्टुलं टाकून दोघं बसायचे. तिथे वस्तादने जुनी पेटी ठेवली होती. बुधली पेटीतच होती.

मग वस्ताद विसरायला लागला. आधी चष्मा, मग भाजीवाल्याचं नाव, मग सकाळी जेवलो की नाही ते. एकच गोष्ट अर्ध्या तासात तीनदा सांगायचा. यात बारक्याला नवल वाटलं नाही. तो स्वतःही स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो म्हणून उभा राहायचा. पण वस्ताद विसरलेल्या जागी नवीन काहीतरी भरायचा.

"सकाळी कारखान्यात जाऊन आलो," तो एकदा म्हणाला. "तीन नंबरच्या पंपाची पार वाट लावलीय नव्या पोरांनी. मी म्हटलं, बाजूला व्हा."

"मग बसवला का?"

"बसवल्याशिवाय येईन होय? अकरा फेऱ्या लागल्या."

कारखाना पाडून सहा वर्षं झाली होती. तिथे आता गाड्या उभ्या करतात. बारक्या हसला, कारण वस्ताद खोटं बोलत नव्हता. त्याने पंप खरंच बसवला होता. फक्त कारखाना पाडायच्या आधी कधीतरी.

एक दिवस वस्ताद वर्तमानपत्र आणायला गेला आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडला. एका पायात चप्पल, एका पायात बूट. मुलीने रजा टाकली आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे, विसरण्याचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

"भावजी, तुम्हीही चला," वहिनी म्हणाल्या. वस्तादची बायको बारक्याला पहिल्यापासून भावजी म्हणायची. "तुम्ही असलात की हे ऐकतात."

मुलगी बाहेर खिडकीशी फॉर्म भरत राहिली. आत खुर्च्या दोनच. एकीवर वस्ताद, एकीवर वहिनी. बारक्याला वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसवलं. ते स्टूल डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे होतं आणि वस्तादच्या बरोबर समोर.

"आज तारीख काय, सांगता का?"

वस्ताद हसला. त्याने खिसा चाचपला, जणू तारीख तिथे ठेवली होती. मग त्याची नजर डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावरून मागे आली. मांडीवरचं मनगट किंचित वळलं, पंजा उघडला. किती?

बारक्याने विचार केला नाही. आधी एक बोट, मग सात.

"सतरा," वस्ताद म्हणाला.

"आणि वार?"

पाळ्यांच्या तक्त्यात सोमवार म्हणजे एक. बारक्याने चार बोटं दाखवली.

"गुरुवार."

डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: खुर्ची, नदी, चावी. पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. बारक्याने स्टुलावर टिचकी मारली, हात लाटेसारखा हलवला, मनगट कुलपात फिरवल्यासारखं फिरवलं.

"स्टूल," वस्ताद म्हणाला. "नदी. चावी."

"खुर्ची म्हटलं होतं मी."

"तेच ते. बसायचंच ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि गुण दिला. मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. बारक्याने दोन्ही हात काट्यांसारखे धरले. समोरून उलटं दिसतं म्हणून डावं-उजवं बदलून धरले. एवढी काळजी त्याने घेतली. वहिनींना सगळं दिसत होतं. त्या मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या आणि शोधतच राहिल्या.

"दारू वगैरे घेतात का?"

"छे हो," वहिनी पिशवीतूनच म्हणाल्या. "कधी लग्नकार्यात, तेवढंच."

डॉक्टरीणबाई वळल्या. "तुम्ही जुने मित्र ना? बरोबर सांगतायत?"

बारक्याचे हात तोवर मांडीवर आले होते. "नाकासमोर चालणारा माणूस आहे हो," तो म्हणाला.

वस्तादने गंभीरपणे मान हलवली.

वयाच्या मानाने ठीक आहे, असं निघालं. थोडा विसर आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. बाहेर आल्यावर वस्तादने बारक्याच्या खांद्यावर हात टाकला. "चांगलं जमलं आज. किती फेऱ्यांत?"

"एकाच."

कारखान्यात कुणी साहेबाच्या तावडीतून सुटला की जसं वाटायचं, तसं त्या दिवशी बारक्याला वाटलं. घरी जाताना त्याची छाती फुगलेली होती. ते त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

सहा महिन्यांनी कुणी गेलं नाही. ठीक आहे म्हटल्यावर कशाला जायचं?

मुलीने एक मात्र केलं. वस्तादने एकट्याने घराबाहेर पडायचं नाही, अशी ताकीद दिली आणि दाराला वर कडी लावली. त्यामुळे वस्तादचं दारूच्या दुकानात जाणं बंद झालं.

"बारक्या," तो गॅलरीत म्हणाला, "मला कोंडलंय रे यांनी. तू आण."

बारक्या आणू लागला. रोज सहा वाजता एक क्वार्टर, चहाच्या थर्मासमधून. गॅलरीत ती बुधलीत ओतायची, कारण वस्तादला बुधलीचीच सवय. अंगठ्याएवढी स्वतःला. बारक्याने नियम घालून घेतले होते. सहाच्या आधी नाही. दुसरी नाही. जेवायची वेळ झाली की उठायचं. या माणसाच्या डोक्यातून कारखान्याचं नाव गेलं, बसचा नंबर गेला, मुलीचा वाढदिवस गेला. सहा वाजले हे त्याला अजून कळतं, तर तेवढं तरी राहू दे. मापात देतोय, असं तो स्वतःला बजावत असे.

पण साडेसहाला वस्ताद पंजा उघडायचा. "आज आणली नाहीस?"

"आत्ताच झाली, वस्ताद."

"थट्टा करतोस म्हाताऱ्याची?"

त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख असायचं. पोटात गेलेलं त्याला आठवत नव्हतं, त्यामुळे ते त्याच्या लेखी गेलंच नव्हतं. कधीकधी बारक्या उठून परत दुकानात जायचा. आठवड्यातून एकदा. मग दोनदा.

वस्तादचं खाणं कमी झालं. अंडं समोर ठेवलं तर तो ते तास-तासभर बघत बसायचा. चालताना पाय फाकवून टाकायचा, पायाखालची जमीन हलत असल्यासारखा. बारक्याने त्याचा दोष गुडघ्यांना दिला. ते सोयीचं होतं.

मग एके दुपारी वस्ताद न्हाणीघरात पडला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी मुलीला तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून वस्तादचे हात थरथरू लागले, घामाने उशी भिजली. तिसऱ्या दिवशी सकाळी बारक्या भेटीच्या वेळेला वॉर्डात पोचला, तेव्हा वस्तादच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिच्या हातात कागद होते.

"काका, ते मला ओळखत नाहीत," ती म्हणाली. "छतावर कारखान्याचे पट्टे फिरतायत म्हणतात. मशीन बंद करायला उठले, सलाईन उपटलं, सिस्टरला ढकललं. हात बांधलेत त्यांचे."

"ऑपरेशनमुळे असेल. गुंगीचं."

"तसंही होतं म्हणे म्हाताऱ्या माणसांना. पण विसरण्याचा आजार आधीपासून होता, तो आता टोकाला गेला असेल, असंही म्हणतात. घरी सांभाळणं जमणार नाही." तिने कागद उलटे केले. "ही एका ठिकाणची माहिती आहे. बंद वॉर्ड असतो. तिथे ठेवतात. कायमचं."

"सही केलीस?"

"त्या डॉक्टरीणबाईंना बोलावलंय, मागे दाखवलं होतं त्यांना. त्या बघतील, मग करायची."

बारक्या पडद्याच्या आत गेला. वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. वस्तादचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळे छतावर, इकडून तिकडे. मनगटं पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्याला बांधलेली. छाती धापा टाकत होती. सिस्टर ताप बघून गेली आणि जाताना तिने कपाळाला आठी घातली.

"वस्ताद."

डोळे खाली आले. बारक्याच्या तोंडावर नाही, हातांवर. मग बांधलेलं मनगट पट्टीतल्या पट्टीत वळलं. जेवढं वळू शकत होतं तेवढंच. पंजा उघडला.

किती?

बायको ओळखू येत नव्हती, मुलगी ओळखू येत नव्हती. समोर वाचणारा आहे, हे मात्र त्याला कळलं होतं. पंजा उघडा राहिला. तो थरथरत होता आणि वाट बघत होता.

बारक्याला काही दाखवता येईना. 

पडदा सरकला आणि डॉक्टरीणबाई आत आल्या, मागोमाग मुलगी. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, बोटं पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग वहिनींना विचारलं, "शेवटची दारू कधी घेतली होती यांनी?"

"म्हणजे काय? ते घेत नाहीत," मुलगी म्हणाली. "तेव्हा सांगितलं होतं ना. आई?"

वहिनींनी पदर तोंडावर आणखी दाबून धरला.

"नीट आठवा. हे दारू एकदम बंद झाल्यामुळे असेल, तर औषध वेगळं आहे आणि ते आत्ता द्यायला हवं. उशीर झाला तर यात माणूस जातो."

साहेबापुढे ब्र काढायचा नाही. बारक्याच्या तोंडाला एकतीस वर्षांचं वळण होतं. त्याने पलंगाकडे पाहिलं. पंजा अजून उघडाच होता.

"रोज एक क्वार्टर," बारक्या म्हणाला. "संध्याकाळी सहाला. त्यातली थोडी माझी. आठवड्यातून दोन-तीनदा, दुसरी. पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटची. मी आणून देतो."

मुलीने त्याच्याकडे वळून पाहिलं. बारक्याने डोळे डॉक्टरीणबाईंवरच ठेवले, नाहीतर पुढचं निघालं नसतं.

"किती दिवस?"

"मी आणतोय ते वर्षभर. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं ते स्वतःच."

"दिवसभरात तेवढीच?"

"माझ्याकडून तेवढीच."

"सकाळची माझ्याकडून," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. वहिनींनी पदर तोंडावरून काढला. "सकाळी हात फार कापतात त्यांचे. कप धरवत नाही. अर्धा पेला दिला की थांबतात. दुपारी दिल्याशिवाय घास घेत नाहीत. मी दोन थांबे पलीकडच्या दुकानातून आणते, इथे ओळखीचे लोक असतात. शिलाई मशिनच्या पेटीत ठेवते." त्या बारक्याकडे वळल्या. "पडले त्या सकाळीही दिली होती मी. तुम्ही संध्याकाळी आणता हे मला माहीत नव्हतं, भावजी. मला वाटायचं, मी देते तेवढीच."

"मला वाटायचं, मी देतो तेवढीच," बारक्या म्हणाला.

दोघांनी एकाच पायाखाली आपापली चकती सरकवली होती, एकमेकांना न सांगता. मोटर किती वाकडी झाली ते बघायला कुणी डायल लावला नव्हता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सिस्टरला भराभर नावं सांगितली: इंजेक्शन जीवनसत्त्वाचं, ते आधी, मग शांत करणारं औषध, दर काही तासांनी, मोजून. पलंग खिडकीशी घ्या. हात सोडा आणि ओळखीचं माणूस सतत जवळ बसवा. सिस्टर गेल्यावर त्या बारक्याला म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

"अजून एक आहे," बारक्या म्हणाला. आता तोंड उघडलंच होतं. "मागच्या वेळी तारीख त्यांनी नाही सांगितली. मी सांगितली. तुमच्या पाठीमागून, बोटांनी. घड्याळसुद्धा."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. "वार?"

"वारसुद्धा."

"स्टूल?"

"ते त्यांचं स्वतःचं."

त्या हसल्या नाहीत. पण हसू दाबल्यासारखं काहीतरी झालं. मग सरळ म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं असतं, तर तेव्हाच उपचार सुरू करता आले असते. विसरणं थोडं दारूचं असेल, थोडं वयाचं. कशाचं किती, ते आज सांगता येणार नाही. दारू थांबली, नीट जेवण गेलं, औषधं झाली, की काही महिन्यांनी पुन्हा मोजू. काही परत येईल. सगळं येईलच असं नाही." आणि जाता जाता विचारलं, "तुम्ही स्वतः किती घेता?"

बारक्याने तेही सांगितलं. त्यांनी त्याचंही नाव लिहून घेतलं.

मुलगी बाहेर बाकावर होती. बारक्या शेजारी बसला तशी ती उठली.

"मी रजा टाकून नेलं होतं त्यांना," ती म्हणाली. "मी बाहेर फॉर्म भरत होते आणि तुम्ही आत बोटं नाचवत होतात."

"चुकलं माझं."

"आईला मी बोलेनच. तिचं माझं मी बघीन. पण तुम्हाला काका म्हणते मी लहानपणापासून." तिने कागदांची घडी घालून पर्समध्ये कोंबली. फाडले नाहीत. "उद्या सकाळी आठला या. त्यांच्याजवळ बसायला माणूस लागेल. मला शाळेत जायचंय."

बारक्या पावणेआठला हजर झाला. आठ ते चार तो बसला, वहिनी पुढे, मुलगी नंतर. वस्ताद चादर चिमटत राहायचा, हवेतला दांडा पाव-पाव फेरी फिरवत राहायचा. पाचव्या दिवशी छतावरचे पट्टे थांबले. सातव्या दिवशी त्याने मान वळवून खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाला, "याचा पंखा कुणी बसवलाय? एका बाजूला घासतोय." सिस्टरने माणूस बोलावला. पंखा खरंच घासत होता.

घरी आणलं. बुधली मुलीने कचऱ्यात टाकली. शिलाई मशिनची पेटी वहिनींनी स्वतः उघडून दाखवली. स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगली. जो काही देईल त्याने तिथे लिहायचं. गोळी, दूध, अंडं, सगळं. कुणी कुणाला न सांगता काही द्यायचं नाही.

बारक्या दिवसातून दोनदा यायचा. सकाळी वस्तादला वॉकर धरून फाटकापासून दिव्याच्या खांबापर्यंत चालवायचं, मग पुढच्या खांबापर्यंत. हे काम सोपं होतं. खरं काम संध्याकाळचं. सहा वाजले की पंजा उघडायचा.

"आणलीस?"

"नाही."

"का रे?"

"बंद केलीय डॉक्टरांनी."

"कधी?"

"तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

"मी? हॉस्पिटलात?" वस्ताद वहिनींना हाक मारायचा. "अगं, ऐकलंस का? हा काय म्हणतोय बघ."

मग तो रागवायचा. कधी विनवायचा. कधी नुसता रडायचा. एकदा म्हणाला, "तू साहेबाचा माणूस झालास." कारखान्यात याहून वाईट शिवी नव्हती. बारक्याने ती ऐकून घेतली आणि बसून राहिला. दुसऱ्या दिवशी वस्ताद हे सगळं विसरलेला असायचा, आणि बारक्याला पुन्हा पहिल्यापासून नाही म्हणावं लागायचं. एक ‘नाही’ म्हणायला किती ताकद लागते ते त्याने आजवर मोजलं नव्हतं. रोज तेच जड काम, आणि आदल्या दिवशी केलेलं काही शिल्लक नाही. त्याची स्वतःची अंगठ्याएवढीही बंद होती, आणि सहा वाजता त्याच्याही जिभेला कोरड पडायची. ते तो वस्तादला सांगत नसे. वस्तादला दिसत असावं. कधीकधी तो बारक्याकडे फार निरखून बघायचा.

सहा महिन्यांनी पुन्हा तीच खोली. या वेळी दुसऱ्या खुर्चीवर मुलगी बसली. डॉक्टरीणबाई बारक्याला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

"तो बाहेर, तर मीही बाहेर," वस्ताद म्हणाला.

म्हणून स्टूल. वजनकाट्याशेजारी, त्याच जागी. बसताना बारक्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि वजन टाकलं.

"आज तारीख काय?"

वस्तादने खिसा चाचपला. नजर वर आली, खांद्यावरून मागे. मनगट वळलं, पंजा उघडला.

बारक्याला तारीख माहीत होती. सकाळपासून माहीत होती. पंजा उघडा राहिला. मुलगी समोर बसून सगळं बघत होती. वस्तादकडे नाही, बारक्याच्या खांद्यांकडे. खांदे हलले नाहीत. वस्तादच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने पंजा जरा वर उचलला, जसा आवाज फार असला की उचलायचा. मग हळूहळू मिटला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

वारही माहीत नव्हता. महिना बरोबर आला. तीन शब्दांपैकी एक आठवला, चावी. तो कुणाच्याही मदतीशिवाय आठवला. घड्याळाचं वर्तुळ गोल आलं, हात कापला नाही, आकडे सगळे बसले. काटे मात्र दोन्ही अकरावर गेले.

डॉक्टरीणबाईंनी बेरीज केली. "मागच्यापेक्षा कमी आहे."

"म्हणजे बिघडलंय?" मुलीने विचारलं.

"मागचं यांचं नव्हतंच. आजपासून धरायचं. चालणं सुधारलंय, खाणं सुधारलंय, हात स्थिर आहे. विसर राहील. किती राहील ते पुढच्या खेपेला कळेल." त्या थांबल्या. "घरी ठेवता येईल. असंच चालू ठेवलंत तर."

मुलीने पर्स उघडली, आत पाहिलं, पुन्हा बंद केली. तिने काय पाहिलं ते बारक्याला कळलं. ते कागद अजून तिथेच होते.

बाहेर वस्ताद वॉकर घेऊन पुढे, बारक्या बाजूने, मुलगी औषधांच्या खिडकीशी. वस्तादचा चेहरा उतरला होता.

"बोटं कुठे होती तुझी?"

"मांडीखाली."

वस्ताद दहा-बारा पावलं चालला. पाऊल, वॉकर, पाऊल. मग थांबला, बारक्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं चोळायला लागला. ती अजून बधिर होती.

"दुखली असतील," तो म्हणाला.

बारक्याने मान हलवली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दुपारचे दोन वाजले होते. सहा वाजायला चार तास.